मीठ, पाणी आणि घाम

रसायनशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, रंगीत द्रव आणि पांढरे डगले घातलेली माणसे उभी राहतात. हे शास्त्र प्रयोगशाळेतले. आपला त्याच्याशी संबंध आला तर शाळेतल्या परीक्षेपुरता, अशी आपली समजूत असते. परंतु एखादा मजूर भर उन्हात पाटी उचलतो, त्याच्या पाठीवरून घामाची धार लागते आणि ओठांवर उतरलेला घाम त्याला खारट लागतो, तेव्हा त्याच्या अंगात रसायनशास्त्राचे दोन-तीन मूलभूत नियम काम करीत असतात. त्या नियमांची वेळीच दखल घेतली तर तो संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो; न घेतली तर कधी कधी त्याला उचलून न्यावे लागते.

आमची हयात कामगार संघटनेच्या कामात गेली. रसायनशास्त्र आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. कामाच्या ओघात जसजसे प्रश्न पडले तसतसे वाचनालयातील पुस्तकांतून ते उचलले. तेव्हा विद्वानांना नवे असे आमच्याजवळ काही नाही. ज्यांच्या घरात मीठ आहे, पाणी आहे आणि घाम गाळणारे एक तरी माणूस आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल: शरीरातले पाणी आपल्या मर्जीने हिंडत नाही, ते मिठाच्या मागे जाते. हे वाक्य नीट समजले की उन्हाचा झटका, पटकी, लहान मुलाची हगवण आणि १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह ह्या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एका धाग्यात ओवल्या जातात.

प्रथम मिठाकडे पाहू. सोडियम नावाचा एक मऊ धातू आहे. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तो फसफसून पेट घेतो. क्लोरीन नावाचा एक पिवळट-हिरवा वायू आहे. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथील खंदकांवर हाच विषारी वायू सोडण्यात आला होता. ह्या दोन भयंकर वस्तूंचा संयोग झाला की जे तयार होते ते आपण रोज भाकरीबरोबर खातो. हे कसे घडते? प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन नावाचे ऋणभारित कण असतात. सोडियमच्या त्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो व तो सहज सुटतो. क्लोरीनला एक कमी असतो व तो ते ओढून घेतो. देवघेव झाली की सोडियम धनभारित होतो आणि क्लोरीन ऋणभारित. अशा भारित कणांना आयन म्हणतात. धन आणि ऋण एकमेकांस खेचतात आणि मिठाचा स्फटिक बनतो. सोडियमची पेट घेण्याची खोड व क्लोरीनचा विषारीपणा त्या देवघेवीतच संपलेला असतो.

मीठ पाण्यात टाकले की ते दिसेनासे होते, परंतु नाहीसे होत नाही. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. असे असंख्य रेणू स्फटिकातील एकेका आयनाभोवती गराडा घालतात आणि त्याला सोडवून नेतात. मिठाच्या पाण्यात म्हणून ‘मीठ’ असे काही उरत नाही; सोडियमचे आयन वेगळे आणि क्लोरीनचे वेगळे फिरत असतात. हा विचार स्वान्टे आऱ्हेनियस ह्या स्वीडिश तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडला. परीक्षकांना तो पटला नाही व त्यांनी त्याला अगदी बेताची श्रेणी दिली. त्याच विचाराबद्दल १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरा नियम. तो आपल्या घरातील बायकांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असतो. काकडी चोचवून तिला मीठ लावले की थोड्या वेळात तिला पाणी सुटते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले तरी तेच होते. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या की त्या टरारून फुगतात. काकडीतले पाणी बाहेर आले आणि मनुकेत पाणी आत गेले. ह्या दोन्हींमागे एकच कारण आहे. सजीवांच्या पेशींना अतिशय पातळ असे आवरण असते. त्यातून पाणी जाऊ शकते, मात्र मीठ किंवा साखर सहजासहजी जाऊ शकत नाही. आवरणाच्या ज्या बाजूला विरघळलेले कण अधिक, त्या बाजूकडे पाणी जाते. ह्याला परासरण म्हणतात. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधून ते पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी आत शिरून कातडे फुगून वर आल्याचे त्याला दिसले. लोणचे घालणाऱ्या आजीने हे त्याच्याही आधी पाहिलेले होते. नोलेने ते लिहून ठेवले इतकेच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परासरणात महत्त्व असते ते कणांच्या संख्येला. त्यांच्या वजनाला नव्हे. म्हणून रसायनशास्त्रज्ञ तराजूत तोलतो ग्रॅम, पण मनात मोजतो कण. पुढे एका पुडीचा हिशेब सांगताना ह्याचा उपयोग होणार आहे.

हे दोन नियम घेऊन आता माणसाच्या शरीरात शिरू. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असते. ६० किलो वजनाच्या माणसात म्हणजे सुमारे ३६ लिटर. त्यातले दोन-तृतीयांश पेशींच्या आत व एक-तृतीयांश बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या भोवती असते. बाहेरच्या पाण्यात मुख्यतः सोडियम, आतल्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम. बाहेरच्यापेक्षा आत सुमारे तीसपट पोटॅशियम असते. आतल्यापेक्षा बाहेर सुमारे दहापट सोडियम असते. ही वाटणी आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणात बसविलेले एक प्रकारचे पंप सोडियमचे तीन आयन बाहेर फेकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. डेन्मार्कमधील येन्स स्को ह्यांनी १९५७ साली ह्या पंपाचा शोध प्रसिद्ध केला व १९९७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही अंगातील सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा हे पंप चालविण्यात खर्च होते. माणूस निजतो, परंतु ही पाळी कधी सुटत नाही.

बाहेरच्या पाण्याचा खारटपणा किती? रुग्णालयात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण रक्ताशी त्याचे परासरण बरोबर जुळते. ह्याऐवजी निव्वळ शुद्ध पाणी रक्तात सोडले तर ते तांबड्या पेशींत घुसून त्या फुगतील व फुटतील. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तितके खारट मूत्र बनविणे माणसाच्या मूत्रपिंडांना जमत नाही, म्हणून समुद्राचे पाणी पिणाऱ्या खलाशाचे शरीर अधिकच कोरडे पडते. शुद्ध पाणी रक्तात घातक, खारे पाणी पोटात घातक. जीवन चालते ते प्रमाणावर.

हे प्रमाण एकट्या मिठाचेही नसते. लंडनमधील डॉक्टर सिडनी रिंगर ह्यांनी बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात ठेवले असता ते पुष्कळ वेळ धडधडत राहिले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की ते पाणी शुद्ध केलेले नव्हते, नळाचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदयाची धडधड लवकर थांबू लागली. नळाच्या पाण्यात जे थोडे कॅल्शियम होते त्यावाचून हृदयाचे चालत नव्हते. १८८३ साली रिंगर ह्यांनी ही हकीकत स्वतः छापून जाहीर केली. आपण चुना म्हणून ज्याला ओळखतो त्यातील ह्या मूलद्रव्यावाचून एक ठोकाही पडत नाही.

आता घामाकडे येऊ. काम करताना स्नायूंत उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकली नाही तर शरीर तापत जाईल. त्वचेवरचा घाम वाळताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र हवा दमट असली आणि घाम वाळण्याऐवजी निथळून गेला, तर पाणी जाते आणि उष्णता तशीच राहते. मुंबईचा मे महिना नागपूरच्या मानाने कमी तापमानाचा असूनही अंग काढतो तो ह्याचमुळे. भर उन्हात अंगमेहनतीचे काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो आणि त्या प्रत्येक लिटरबरोबर साधारणतः १ ते ४ ग्रॅम मीठ जाते. कामाला नवा असलेल्या माणसाचा घाम अधिक खारट असतो; उन्हाची सवय झाली की शरीर मीठ राखायला शिकते. म्हणून कामाचे पहिले आठ-दहा दिवस सर्वांत धोक्याचे. गावाहून आलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी भट्टीसमोर पूर्ण पाळीला उभे करणे हे केवळ निर्दयपणाचे नव्हे, अज्ञानाचेही लक्षण आहे.

घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. म्हणजे घामावाटे मिठाच्या मानाने पाणी अधिक जाते व मागे राहिलेले रक्त दाट होते. तेव्हा पहिली गरज पाण्याचीच. परंतु दिवसभर घाम गाळणाऱ्याने कांजी-ताक नाही, भाकरी-चटणी नाही, केवळ साधे पाणीच पोटात ओतले, तर रक्तातील मीठ विरळ होते आणि आपला नियम उलट दिशेने चालू लागतो: पाणी बाहेरून पेशींत शिरते. पेशी फुगतात. मेंदू कवटीत कोंडलेला असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो व अखेरीस जिवावर बेतू शकते. इंग्लंडमधील खोल व उष्ण कोळसाखाणीतील मजुरांना स्नायूंत भयंकर गोळे येत असत. के. नेव्हिल मॉस ह्यांनी त्यांचा अभ्यास करून १९२३ साली दाखविले की भरपूर घाम आणि त्यावर भरपूर साधे पाणी ही त्याच्या मागची जोडी होती. पिण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्यांचा त्रास हटला.

ह्या ठिकाणी आपल्या देशाचा इतिहास आठवतो. २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन ह्यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी मिठावरील कर गरिबाला सर्वांत जाचक का, ह्याचे एक कारण असे दिले होते की श्रीमंतापेक्षा गरिबाला मीठ अधिक खावे लागते. पुढे ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले आणि लवकरच आमच्या शिरोड्याला व वडाळ्याला हजारो माणसे मिठागरांवर चालून गेली. गांधीजींचे म्हणणे भावनेचे वाटते, परंतु ते रसायनशास्त्राला धरून होते. घाम गाळतो त्याचे मीठ जाते. सावलीत बसतो त्याचे जात नाही. तो कर खरोखर घामावरचा कर होता.

ह्याचा अर्थ प्रत्येकाने मिठाचे बकाणे भरावेत असा मुळीच नव्हे. बैठे काम करणाऱ्याला जादा मीठ रक्तदाबाकडे नेते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहण्याचा आहे. कष्टकऱ्याचेही बहुतेक मीठ त्याच्या रोजच्या जेवणातून भरून निघते. ज्याला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने डॉक्टरला विचारूनच काय ते करावे. मुद्दा इतकाच की उन्हातल्या कामगाराला पाणी, सावली, विसावा आणि वेळेवर जेवण ह्या चारही गोष्टी मिळाल्या पाहिजेत.

त्या मिळतात काय? १९४८ साली झालेल्या कारखाने कायद्याच्या १८ व्या कलमाने पिण्याचे पाणी ही मालकाची जबाबदारी ठरविली आणि २५० पेक्षा अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते थंड करून देण्याचे बंधन घातले. हे कलम दयेपोटी आलेले नव्हते. त्याच्यामागे संघटित कामगारांचा रेटा होता. तथापि एका कारखान्यात आम्ही असे पाहिले आहे की नळ होता, पाणीही होते, पण ते भट्टीपासून इतके दूर की जाऊन येण्याची मिनिटे मुकादम मोजीत असे. परिणामी माणसे तहान मारून काम करीत. कायद्याने पाणी दिले आणि घड्याळाने काढून घेतले. आणि कारखान्याच्या भिंतीबाहेर वीटभट्टीवर, इमारतीच्या बांधकामावर, उसाच्या फडात काय स्थिती असते ते सांगायला नको. तेथे बायका तर जाणूनबुजून पाणी कमी पितात, कारण आडोशाची सोय नसते. मूत्रपिंडाला पाणी लागते हे त्यांना समजत नाही असे नव्हे. शौचालय नसणे हाही पाण्याचाच प्रश्न आहे.

पाणी घामावाटे हळूहळू जाते. पटकीत ते आतड्यावाटे झपाट्याने जाते. पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो, हे कलकत्त्याचे शंभुनाथ डे ह्यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोरीनचे आयन बाहेर सोडत राहतात. त्यामागे सोडियम जाते आणि मिठामागे पाणी. नियम तोच. कधी कधी तासाला लिटरभर पाणी असे निघून जाते व धडधाकट माणूस एका दिवसात दगावतो. अशा रोग्याला नुसते पाणी पाजले तर ते आतड्यात शोषले जात नाही, कारण ज्याच्यामागे जायचे ते मीठच आत जात नसते.

मग मीठ आत न्यायचे कसे? १९६० साली प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन ह्यांनी असे मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात. एकाशिवाय दुसऱ्याला त्या दारातून प्रवेश नाही. पटकीच्या विषाने हे दार बंद होत नाही. म्हणजे मिठाबरोबर साखर दिली की साखर मिठाला आत ओढते आणि मिठामागे पाणी येते. १९६८ साली ढाक्यातील संशोधकांनी रोग्यांवर हे सिद्ध केले.

त्याची खरी कसोटी लागली १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे पडलेली, सलाइनच्या बाटल्या संपलेल्या. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तयार करविले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आईबापांवर, नातेवाइकांवर सोपविले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या आत आले. सुई नाही, यंत्र नाही. एका पिंपातले पाणी आणि पाजणारे हात. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पुढे बांगलादेशात ब्रॅक ह्या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व पाणी एवढ्यावर हीच विद्या त्यांनी आयांना शिकविली.

आता पुडीचा हिशेब. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट व १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. वजने पाहिली तर साखर कितीतरी जास्त दिसते. परंतु ग्लुकोजचा रेणू जड असतो. कण मोजले तर ग्लुकोजचे कण आणि मीठ व सायट्रेट मिळून होणारे सोडियमचे कण जवळजवळ समसमान भरतात. दाराशी जोडी जमण्यासाठीच हे प्रमाण बांधले आहे.

म्हणूनच गोड पेय म्हणजे हे औषध नव्हे. बाटलीतल्या गोड पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. हगवण लागलेल्या मुलाला ते दिले तर आतड्यात साखरेच्या कणांची गर्दी होते आणि पाणी अंगातून आतड्याकडे ओढले जाते. काकडीला पाणी सुटावे तसे. असली पेये ओआरएस ह्या नावाने विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, प्रमाणात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. पुडी हाताशी नसेल तर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव पाहावी; अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे, कारण जादा मीठ लहान मुलाला घातक आहे. घोट घोट पाजत राहावे. मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

मीठ, साखर आणि पाणी ह्यांहून स्वस्त औषध जगात नाही. ते सापडायला आऱ्हेनियसपासून क्रेनपर्यंत पाऊणशे वर्षे लागली. समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. जे ज्ञान इतके साधे आहे ते ज्याच्यापर्यंत पोहोचले नाही त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु ते पोहोचविणे हे ज्यांना कळले त्यांचे काम आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक कामाच्या जागी हाकेच्या अंतरावर पाणी आहे काय, ते प्यायला उसंत आहे काय आणि बायकांसाठी आडोसा आहे काय, हे तीन प्रश्न आपण विचारावेत. शरीराचे रसायनशास्त्र मालक ओळखत नाही आणि मजूरही ओळखत नाही. पाणी मिठामागे जाते, एवढेच ते जाणते. पाणी कोणाच्या हाताशी ठेवायचे हे मात्र माणसांनी ठरवायचे असते.